कचरा उचलण्यासाठी घरटी किती पैसे द्यायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या मीटिंगा, प्रभागातल्या बैठका आणि ‘लोक किती द्यायला तयार आहेत’ अशा सर्वेक्षणाचा प्रकल्प घेतलेले विद्यार्थी, या तिन्हीकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः पुण्याची आहेत. दारात येऊन कचरा नेणाऱ्याच्या हातात दरमहा पैसे ठेवण्याची पद्धत पुण्यात मोठ्या प्रमाणावर आणि बरीच वर्षं चालली आहे. पहिले दहा प्रश्न पैसे भरणाऱ्यांचे, मधले चार सर्वेक्षण करणाऱ्यांचे आणि उरलेले अडलेल्या-नडलेल्यांचे.

१. हे शुल्क नेमकं कशाचं?

तुमच्या दारातून कचरा उचलून तो महापालिकेच्या गाडीपर्यंत, म्हणजे फीडर पॉइंटपर्यंत पोचवण्याचं. तिथून पुढची वाहतूक, रॅम्पवरची (छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत कचरा भरण्याच्या ठिकाणची) चढ-उतार, प्रक्रिया प्रकल्प आणि डेपो यांचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकातून होतो. ही विभागणी पुण्याची आहे. शुल्क थेट घरपट्टीच्या बिलात लावणाऱ्या शहरांत ते सगळ्या साखळीसाठी म्हणून घेतलं जातं (प्रश्न ४). २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा करणाऱ्याने शुल्क द्यावं असं स्पष्ट म्हटलं आणि ते किती असावं हे ठरवायचं काम स्थानिक संस्थांच्या उपविधींवर (त्यांनी स्वतः केलेल्या नियमांवर) सोडलं.

२. घरपट्टीत सफाई कर भरतोच की! मग हे पुन्हा कशाला?

सर्वांत जास्त वेळा आलेला आणि सर्वांत जास्त आवाज चढवून विचारलेला प्रश्न. कायद्याचं उत्तर असं: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात सफाई कराची व्याख्या आहे ती संडास, मुताऱ्या, मैलाकुंड्या यांतली घाण काढण्यासाठी आणि गटारं नीट ठेवण्यासाठी. स्वयंपाकघरातला डबा रोज तिसऱ्या मजल्यावरून उचलून नेण्याची कल्पना त्या कलमामागे नव्हती. तेव्हा कचरा आपणच नाक्यावरच्या कुंडीत टाकायचा, हे गृहीत होतं.

पण हे उत्तर ऐकून आजवर कुणाचं समाधान झालेलं पाहिलेलं नाही, आणि त्यात करदात्याची चूक नाही. बिलावर ‘सफाई’ असं लिहायचं आणि सफाईचे वेगळे मागायचे, यावर माणूस भडकणारच. महापालिकांनी बिलामागे दोन ओळी खुलासा छापला असता तरी निम्मे वाद टळले असते.

३. पैसे जातात कुणाकडे?

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून ‘स्वच्छ’ निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक, त्यांत बहुसंख्य बायका, घरोघर जातात. घराने दिलेलं शुल्क ही त्यांची कमाई. ढकलगाड्या, देखरेख, कार्यालय अशा व्यवस्थेच्या खर्चाचा भार महापालिका उचलते. या कचरावेचक ताईंना महापालिकेचा पगार असतो, अशी समजूत फार पसरलेली आहे. ती चुकीची आहे आणि तिच्यामुळेच पुष्कळ घरं पैसे बुडवतात.

४. पुण्यात ताई दारात मागतात, दुसरीकडे बिलात येतं. यातलं बरं कुठलं?

बिलातली वसुली सोपी. कुणी सुटत नाही, सुट्ट्या पैशांची भानगड नाही, महिन्याच्या दहा तारखेला “आज साहेब घरात नाहीत, उद्या या” हे ऐकायला लागत नाही. बंगळुरूने एप्रिल २०२५ पासून मालमत्ता कराबरोबर असं शुल्क लावलं. मुंबई महापालिकेने त्याच महिन्यात उपविधींचा मसुदा काढून ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये सुचवले आणि हरकती मागवल्या. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ साली ‘उपयोगकर्ता शुल्क’ या नावाने हेच शुल्क बिलात दिसलं आणि मोठा गदारोळ झाला.

गदारोळाचं कारण रक्कम नव्हे. बिलात पैसे गेले की पैसे आणि काम यांचा धागा तुटतो. गाडी चार दिवस आली नाही तरी बिल तेवढंच, आणि तक्रार करायची तर कोणत्या टेबलावर, हे कुणी सांगत नाही. दारात पैसे देणाऱ्याला ताई माहीत असतात, ताईंनाही घर माहीत असतं. ओला-सुका एकत्र टाकला तर त्या तिथल्या तिथे सुनावतात, आणि त्या दोन दिवस आल्या नाहीत तर आपणही विचारतो. याची दुसरी बाजूही बघा. महिन्याचे पैसे मागताना त्यांना जे ऐकून घ्यावं लागतं ते कुठल्याच नोकरदाराला ऐकावं लागत नाही. म्हणून माझं मत: बंगल्यांत, वाड्यांत आणि चाळीत दारातच द्यावेत, मोठ्या सोसायटीने मेंटेनन्समधून घेऊन महिन्याच्या ठरल्या तारखेला एकरकमी द्यावेत. वसुली सोसायटीची, पण काम करणारा माणूस समोरचाच राहतो.

५. महिन्याला किती रक्कम रास्त?

पुण्यात सुरुवातीला घरटी दहा-वीस रुपयांपासून गाडी निघाली आणि टप्प्याटप्प्याने वाढत गेली. तुमच्या भागातला चालू दर पावतीवर बघा. रास्त किती, याचा हिशेब मात्र कुणालाही करता येतो.

समजा दोघींची जोडी ३०० घरं करते. घरटी दीड किलो कचरा धरला तर रोज साडेचारशे किलो उचलणं, वेगळा करणं आणि ढकलगाडीने नेणं आलं. घरटी ८० रुपये आणि सगळ्यांनी दिले तर महिन्याला २४,०००, म्हणजे प्रत्येकीला १२,०००. दहातल्या तीन घरांनी नाही दिले तर हातात पडतात ८,४०० प्रत्येकी. यातूनच हातमोजे फाटले तर नवे, आजारी पडलं तर बदली बाई. आता हेच काम करायला तुम्ही माणूस नेमायचं ठरवलंत, तर तो किती मागेल ते विचारून बघा.

६. पण कचऱ्यातलं भंगार त्या विकतात ना?

विकतात, आणि ती त्यांची हक्काची कमाई आहे. मात्र भंगाराचा भाव त्यांच्या हातात नसतो. पुठ्ठा आणि प्लास्टिकचे दर पडले की महिन्याचा हिशेब कोलमडतो. शिवाय आपण रद्दी, बाटल्या, पत्रा स्वतः विकून मोकळे होतो आणि त्यांच्या डब्यात टाकतो वेफर्सची पाकिटं, दुधाच्या न धुतलेल्या पिशव्या, थर्माकोल. यांना भंगारवाला हातही लावत नाही. भंगारामुळे शुल्क थोडं कमी ठेवता येतं. ते शून्य करता येत नाही.

७. सेवा सुधारली तर लोक जास्त द्यायला खरंच तयार असतात का?

असतात. मात्र ‘सुधारणा’ या शब्दात कुणाच्या मनात काय आहे, ते आधी बघायला हवं. महापालिकेच्या मनात असतात नव्या गाड्या, जीपीएस, प्रक्रिया प्रकल्प. घरातल्या बाईच्या मनात असतं एकच: वेळ. सव्वाआठला येणार म्हणजे सव्वाआठला. आठची ऑफिसची गडबड उरकून डबा दाराबाहेर ठेवला आणि घंटागाडी साडेअकराला आली, तर तोवर कुत्र्याने तो जिन्यात ओढलेला असतो.

वेळेनंतर मागणी असते खंड न पडण्याची, मग मजल्यावर येण्याची. लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावरचे लोक जास्त द्यायला खळखळ करत नाहीत, तळमजल्यावरचे करतात. त्यानंतर येतात डायपर आणि सॅनिटरी पॅड वेगळे नेण्याची सोय, आणि सणासुदीला दोन फेऱ्या. ‘कचऱ्याचं पुढे नीट काहीतरी होतं’ हे कळण्यासाठी वेगळे पैसे देणारे कमी, पण तेही आहेत.

लोक किती द्यायला तयार आहेत हे तपासणाऱ्या अभ्यासांत उत्पन्न वाढलं की देण्याची तयारी वाढते, हे बहुतेक ठिकाणी दिसतं. त्यात नवल नाही. विश्वासाचा परिणाम मात्र लोक कमी लेखतात. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना सारख्या उत्पन्नाची घरं असतात. एका बाजूची ताई दहा वर्षं येते आहे, दुसरीकडे ठेकेदाराचा माणूस दर दोन महिन्यांनी बदलतो. दोन्हीकडे ‘वीस रुपये वाढवले तर?’ असं विचारा आणि उत्तरं ताडून बघा. देण्याची तयारी म्हणजे माणसाच्या खिशात लिहून ठेवलेला आकडा नसतो. कोण मागतंय, कशासाठी आणि मागच्या वेळी काय झालं, यावर तो हलतो.

८. वस्तीतल्या घरांनाही तोच दर?

पुण्यात वस्तीला दर कमी ठेवलेला आहे आणि तो तसाच असावा. मात्र ‘वस्तीतले लोक देत नाहीत’ हे सरसकट खरं नाही. अरुंद बोळात गाडी शिरत नाही, कुंडी लांब आणि भरून वाहते आहे, अशा ठिकाणी दारात येणाऱ्या माणसाची किंमत फ्लॅटवाल्यापेक्षा जास्त कळते. तिथे अडतं ते महिन्याच्या एकरकमेवर. रोजंदारीच्या घरात आठवड्याला पंधरा रुपये सहज निघतात, महिन्याचे साठ एकदम निघत नाहीत. शनिवारी पगार होणाऱ्या वस्तीत रविवारी सकाळी पैसे घ्यावेत, वसुलीत फरक पडतो.

९. घराच्या क्षेत्रफळावर दर लावणं योग्य आहे का?

बंगळुरूत तसं आहे: ६०० चौरस फुटांपर्यंत महिना १० रुपये, आणि ४,००० चौरस फुटांवर गेलं की ४००. मोठं घर म्हणजे जास्त ऐपत, हा तर्क ठीक. मोठं घर म्हणजे जास्त कचरा, हा तर्क लंगडा. चौदाशे फुटांत दोन वृद्ध राहतात आणि चारशे फुटांत सहा जणांचं कुटुंब. ऐपतीप्रमाणे घ्यायचं असेल तर तसं उघड म्हणावं. लोक तेही मान्य करतात. ‘कचऱ्याप्रमाणे’ म्हणून फूट मोजायला लागलात की भांडतात.

१०. मग वजनावरच का घेत नाहीत?

दक्षिण कोरियाने १९९५ पासून कचऱ्याच्या पिशव्याच पैसे घेऊन विकल्या. पुढे उरलेल्या अन्नाचंही वजन करून पैसे लावले. तिथे चाललं. आपल्याकडे रिकामा प्लॉट, नाल्याचा कठडा आणि पुलाखालचा कोपरा फुकट उपलब्ध आहे. वजनाला दर लावला की पहिल्या आठवड्यात पिशव्या तिथे दिसतील. शहरातले क्रॉनिक स्पॉट (एकदा साफ केले तरी पुन्हा भरणारे कचऱ्याचे ढीग) आधी बंद व्हायला हवेत. तोवर सगळ्यांना सारखा, सपाट दर परवडला. मोठ्या सोसायट्या आणि हॉटेलं यांना मात्र वजनाचा दर लावणं शक्य आहे, कारण तिथे कुणी टाकला हे शोधता येतं.

११. (विद्यार्थ्यांसाठी) “किती द्याल?” असं थेट विचारलं तर लोक खरं सांगतात का?

थेट विचारलंत तर गोंधळ होतो. दार उघडतं, बाई विचार करून “पन्नास…” म्हणायच्या बेतात असतात, तेवढ्यात आतून आवाज येतो, “अगं, काही सांगू नकोस, उद्या तेवढे मागायला येतील!” आकडा पाचवर येतो. उलट कुणी पाहुण्यांसमोर असेल तर दोनशे म्हणून मोकळा होतो.

ही अडचण जुनी आहे. अलास्कात १९८९ मध्ये ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाजातून तेल सांडलं. त्यानंतर नुकसानीची किंमत लोकांना विचारून काढता येते का, यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो हे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ ज्या समितीचे प्रमुख होते, तिने १९९३ मध्ये सुचवलं की ‘किती’ असं विचारू नका. ठरलेली रक्कम सांगा आणि हो की नाही विचारा, मतदानासारखं. वेगवेगळ्या घरांना वेगवेगळी रक्कम सांगायची (कुणाला ६०, कुणाला ९०, कुणाला १५०) आणि कोणत्या रकमेला किती टक्के ‘हो’ म्हणतात यावरून अंदाज बांधायचा.

विचारण्याआधी तीन गोष्टी वाचून दाखवा. सेवा नेमकी काय मिळणार: रोज, सव्वाआठ ते साडेआठ, दारात. पैसे कसे जाणार: ताईंच्या हातात की बिलात. आणि हे पैसे दिले तर घरातला दुसरा कुठला खर्च कमी होणार, याची आठवण. दुसरी गोष्ट बदलली की उत्तर बदलतं (प्रश्न ४), म्हणून अहवालात ती ठळक लिहा.

१२. “एक रुपयाही देणार नाही” म्हणणाऱ्यांना शून्य धरायचं का?

सरसकट नाही. पुढचा प्रश्न विचारा: का? “परवडत नाही” किंवा “मला या सेवेची गरज नाही” हे खरं शून्य. “हे महापालिकेचं कामच आहे”, “पैसे खातील” हा निषेध आहे. सेवेची किंमत त्या माणसाला शून्य वाटत नाही, मागणाऱ्यावर त्याचा भरवसा नाही. या दोघांना एका ओळीत टाकलंत की ‘लोकांना स्वच्छता नको’ असा भलताच निष्कर्ष निघतो. मात्र निषेधवाल्यांना गुपचूप वगळूही नका. किती होते ते सांगा, कारण नगरसेवकाला कदाचित तोच आकडा सर्वांत उपयोगाचा असतो.

१३. घरात कुणाला विचारायचं?

पैसे जो देतो त्याला आणि डबा जो हाताळतो त्यालाही. या बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात. दुपारी गेलात तर घरात सासूबाई भेटतील, रविवारी कुटुंबप्रमुख. दोन्ही वेळा जा.

१४. सरासरी रक्कम गुणिले घरं, म्हणजे शहराचं उत्पन्न ना?

नाही. दोनशे-तीनशे म्हणणारी पाच-दहा घरं सरासरी फुगवतात, म्हणून मध्यक बघा: निम्मी घरं जी रक्कम द्यायला राजी आहेत ती. शिवाय ‘देईन’ म्हणणं आणि दहा तारखेला देणं यात फरक असतो. प्रश्न ५ मधली वसुलीची गळती इथेही धरा.

१५. फ्लॅट सहा महिने बंद होता. तरी द्यायचे?

आधी कळवलं असेल तर नाही. मुलाकडे पुण्याबाहेर किंवा परदेशी जाणाऱ्यांनी जाताना ताईंना सांगून जावं, परत आल्यावर वाद राहत नाही. शुल्क बिलात असेल तर महापालिकेला लेखी अर्ज करून सूट मिळते का ते विचारावं लागेल.

१६. भाडेकरूने द्यायचं की घरमालकाने?

कचरा ज्याचा त्याने. भाडेकरारात एक ओळ टाका.

१७. आमच्या सोसायटीत खतप्रकल्प आहे. तरी शुल्क का?

ओला कचरा तुम्ही जिरवलात तरी सुका, सॅनिटरी आणि घातक कचरा उरतोच आणि तो कुणीतरी नेतोच. अर्थात काम कमी झालं तर दर कमी करा म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. ताईंशी किंवा संस्थेशी बोलून ठरवा. बऱ्याच ठिकाणी त्याच ताई प्रकल्पही सांभाळतात, तिथे उलट पैसे वाढतात. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल अशा प्रकल्पांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत आहे. ती घेतलीत का, तेही तपासा. दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा होणाऱ्या ठिकाणांना ओला कचरा जागेवरच जिरवायची जबाबदारी २०१६ च्या नियमांनीच दिली होती, त्यामुळे ‘आम्ही उपकार करतो’ हा सूर नको.

१८. ताई चार दिवस आल्या नाहीत. पैसे कापू?

आधी कारण विचारा. फीडर पॉइंटवर गाडीच आली नाही तर त्या कचरा नेणार कुठे? अशा दिवसांत त्या ढकलगाडी भरून दोन-दोन तास गाडीची वाट बघत उभ्या असतात. कारण पटलं नाही तर संस्थेकडे किंवा आरोग्य निरीक्षकाकडे तक्रार करा. महिन्यातून एखादी सुट्टी सगळेच घेतात.

१९. शेजारी देतच नाहीत, मी का देऊ?

तुमच्याकडे रोज येतात म्हणून. बुडवणाऱ्याचा बोजा ताईंवर पडतो, तुमच्यावर नाही. सोसायटी असेल तर प्रश्न ४ मधला मेंटेनन्सचा मार्ग हेच यावरचं उत्तर.

२०. गादी, फुटलेलं कमोड, फरश्या, नारळाच्या झावळ्या?

यांतलं काहीही मासिक शुल्कात बसत नाही. राडारोड्यासाठी महापालिकेकडे वेगळी नोंद करावी लागते. गादी आणि फर्निचरचे वेगळे पैसे ठरवा, आणि ठरवताना आधी ते चार मजले खाली कोण आणणार हेही ठरवा.

२१. दिवाळीला ताई वेगळे मागतात, ते शुल्कात नाही का?

शुल्कात नाही, सक्तीही नाही. घरकामाच्या मावशींना जे देता तेच इथे लागू. जुने कपडे आणि आदल्या दिवशीचा फराळ पैशाऐवजी देऊ नका.

२२. डेपोशेजारच्या गावांनीही शुल्क भरायचं का?

पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं वेगळ्या शब्दांत विचारला: शहराचा कचरा आमच्या विहिरीशेजारी, आणि वर आम्हीच पैसे द्यायचे? औरंगाबादेत २०१८ च्या सुरुवातीला तिथल्या डेपोशेजारच्या नारेगावकरांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहरभर कचऱ्याचे ढीग साचले आणि कचरा टाकायला दुसरीकडे, मिटमिट्यात नेला तर तिथे गाड्यांची जाळपोळ झाली.

आपल्या घरातला कचरा उचलण्याचं शुल्क तिथल्या घरालाही लागू होऊ शकतं. पण ‘चांगल्या सेवेसाठी किती द्याल’ हे सर्वेक्षण तिथे घेऊन जाऊ नका. तिथे विचारायचं ते उलट: हा वास आणि हे पाणी सोसण्याबद्दल तुम्हाला किती मिळायला हवं? लोक द्यायला तयार असतात त्यापेक्षा कितीतरी मोठी रक्कम भरपाई म्हणून मागतात, हे या प्रकारच्या अभ्यासांत नेहमी दिसतं. काही जण तर कुठल्याच रकमेला हो म्हणत नाहीत. ते उत्तर ‘अवाजवी’ म्हणून वगळू नका, जसंच्या तसं नोंदवा. आणि डेपोच्या खर्चाचा ताळेबंद मांडताना ही भरपाई शहराच्या बाजूला धरा, गावाच्या नव्हे.